खाजगी दवाखान्यातली सिस्टर: स्वतः काय करायचं, सांगितल्यावर काय आणि कधीच काय नाही

दोन-तीन खोल्यांचा दवाखाना, एक डॉक्टर, एक सिस्टर, एक मावशी आणि बाहेर बाकावर ताटकळलेले पेशंट. गावात काय नि उपनगरात काय, बरीचशी ओपीडी अशीच चालते. अमेरिकेत डॉक्टरच्या ऑफिसात काम करणाऱ्या 'प्रॅक्टिकल नर्स'ला वेगळा परवाना असतो. आपल्याकडे त्या जागी साधारणपणे एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) किंवा जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) झालेली सिस्टर असते. एएनएमचं शिक्षण मुख्यतः उपकेंद्राच्या कामासाठी आखलेलं आहे आणि जीएनएमचं वॉर्डसाठी. दवाखान्यात मात्र डॉक्टर सांगतील ते काम अंगावर येतं आणि त्याची हद्द कुणी लिहून दिलेली नसते. ती हद्द आखायची कशी आणि रोजची कामं बिनचूक करायची कशी, ते इथे दिलं आहे. सिस्टर रुजू करून घेणाऱ्या डॉक्टरांनीही वाचावं.

आधी कागद

एएनएम दोन वर्षांची, जीएनएम तीन वर्षांची, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांची. यातलं काहीही झालं तरी महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. तिच्यामागे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आहे. नोंदणी झाली की काम संपलं असं नाही, तिचं नूतनीकरणही मुदतीत करावं लागतं. रुजू होताना प्रमाणपत्राची मूळ प्रत दाखवा, झेरॉक्स द्या आणि नूतनीकरणाची तारीख दवाखान्याच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवा.

गल्लोगल्ली चालणारे सहा महिन्यांचे 'नर्सिंग असिस्टंट' कोर्स या नोंदणीला पात्र नसतात. तो कोर्स केलेली मुलगी हुशार असेल, हातही हलका असेल, पण ती मदतनीस आहे. तिला वजन, उंची, ताप घेणं, ट्रे लावणं, साफसफाई ही कामं द्यावीत. इंजेक्शन आणि सलाईन तिच्यावर सोपवून डॉक्टर तिलाही अडचणीत आणतात आणि स्वतःलाही.

तीन रकाने

एका पानावर तीन रकाने आखा. डॉक्टरांनी आणि सिस्टरनी सही करून, तारीख घालून ते पान ड्रेसिंग रूममध्ये लावा. वर्षातून एकदा नव्याने वाचा.

पहिला रकाना स्वतःच्या जबाबदारीवर करायच्या कामांचा. वजन, उंची, ताप, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन, बोटावरची साखर. तक्रार आणि अॅलर्जी विचारून लिहिणं. ट्रे लावणं, हत्यारं निर्जंतुक करणं, लसींचा फ्रिज, कचरा. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कधी आणि कसं घ्यायचं ते समजावणं. प्रथमोपचारही याच रकान्यात येतात: वाहणारं रक्त दाबून धरणं, साखर उतरलेल्याला साखर देणं, चक्कर आलेल्याला आडवं करणं, श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात करणं. यासाठी कुणाच्या हुकुमाची वाट बघायची नसते.

दुसऱ्या रकान्यात लेखी सूचनेशिवाय न करायची कामं: प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक लस, सलाईन, वाफ, टाके काढणं, कॅथेटर, कान धुणं, तपासणीसाठी रक्त काढणं. काही सूचना आधीच लिहून ठेवता येतात. उदाहरणार्थ, 'मोठ्या माणसाच्या छातीत दुखत असेल तर मला न विचारता लगेच ईसीजी काढून आणा' किंवा 'मुलाला १०१ च्या वर ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या'. अशी सूचना सहीनिशी भिंतीवर असेल तरच ती सूचना. 'डॉक्टर नेहमी असंच देतात' ही सूचना नव्हे.

तिसरा रकाना कधीच न करायच्या कामांचा. आजार ठरवून औषध देणं, लिहिलेला डोस बदलणं, कपाटातलं अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइड 'तेवढ्यापुरतं' देणं, गर्भपाताच्या गोळ्या देणं, जखम शिवणं, दाखल्यावर डॉक्टरांच्या वतीने सही करणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉक्टर बाहेरगावी असताना दवाखाना चालवणं.

हा शेवटचा मुद्दा कागदावर सोपा आणि दारात अवघड. 'डॉक्टर नाहीत ना, मग तुम्हीच द्या की एक इंजेक्शन, मागल्या वेळचं तेच' असं म्हणणारा पेशंट रोज येतो. त्याच्याशी वाद घालू नका. बीपी, ताप, नाडी मोजा, केसपेपरवर लिहा, डॉक्टरांना फोन लावून आकडे सांगा आणि ते काय म्हणाले तेही लिहा. आकडे वाईट असतील तर थेट हॉस्पिटलला पाठवा. सलाईनचंही तेच. 'ताकदीची बाटली' मागणाऱ्याला नाही म्हणायची वेळ सिस्टरवर येऊच नये, ते डॉक्टरांनी सांगायचं काम आहे.

पेशंट आत जाण्याआधी

दवाखान्यातल्या सिस्टरचं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे आणि नेमकं हेच घाईत उरकलं जातं. तपासणीला येणाऱ्या बहुतेकांना डॉक्टर पाचेक मिनिटं देतात. त्या पाच मिनिटांचा पाया म्हणजे तुम्ही लिहिलेले आकडे.

बीपीचंच घ्या. जिना चढून आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून लगेच कफ बांधला तर जो आकडा येतो तो जिन्याचा असतो. पाच मिनिटं शांत बसू द्या. गेल्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री, विडी झाली का ते विचारा, झाली असेल तर नंबर मागे घ्या. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, बाही दंडावर करकचलेली नाही. मोजताना बोलायचं नाही, त्यानेही नाही आणि तुम्हीही नाही.

कफच्या आतला फुगा दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के भागाला वेढणारा हवा. जाड दंडाला नेहमीचा कफ बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं आणि माणूस आयुष्यभराच्या गोळ्यांवर जातो. म्हणून मोठा कफ दवाखान्यात असलाच पाहिजे. डायलचं यंत्र असेल तर आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी झाली की त्यापुढे आणखी ३० चढवा, मग स्टेथोस्कोप कोपराच्या खळगीत ठेवून सेकंदाला २ या वेगाने हवा सोडा. भसकन सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त ऐकू येतो. एक-दोन मिनिटांनी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे लिहा. पेशंट पहिल्यांदाच आला असेल तर दोन्ही हातांचं घ्या.

दिवसभराच्या केसपेपरांवर निम्म्याहून जास्त बीपी १३०/८० दिसत असतील, तर ती गावाची प्रकृती नव्हे, कुणीतरी अंदाजे लिहितंय. डायलवर १३४ दिसलं तर १३४ लिहा. डायलचं यंत्र सहा महिन्यांतून एकदा तपासून घ्या. हवा सोडल्यावर काटा शून्यावर बसत नसेल तर त्याच दिवशी बाजूला ठेवा.

बोटावरची साखर घेताना हात साबणाने धुवून कोरडे करायला सांगा. आंब्याच्या दिवसांत ही पायरी चुकली की बोटाला लागलेल्या रसाने साखर भलतीच जास्त येते, आणि नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून ती जात नाही. स्पिरिट वापरलंच तर पूर्ण सुकू द्या. सुई बोटाच्या टोकाला न मारता बाजूला मारा, दुखत कमी. पहिला थेंब पुसा, दुसरा घ्या. रक्त येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून चोळा. स्ट्रिपची डबी उघडल्याची तारीख डबीवर लिहा आणि झाकण लगेच लावा, दमट हवेत स्ट्रिपा बिघडतात. साखर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीत असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांना हाक मारा.

लहान मुलांचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. मूल शांत असताना, आईच्या मांडीवर, पोटावरचा कपडा वर करून. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. बाळाचं वजन कपडे उतरवून घ्या. औषधाचा प्रत्येक डोस त्या आकड्यावर ठरतो.

ऑक्सिजन मोजताना नखाला नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट बघा. बोट गार असेल तर चोळून ऊब आणा. आकडा दिसला की लगेच काढू नका, स्थिर होऊ द्या.

नंबर मोडून कुणाला आधी आत न्यायचं हा निर्णय सिस्टरचा आणि तो बाकावरच्या कुरकुरीवर ठरवायचा नाही. छातीत दुखून घाम फुटलेला, धाप लागलेला, ऑक्सिजन ९४ च्या खाली असलेला, तोंड वाकडं झालेला किंवा एका बाजूची ताकद गेलेला, दूध न ओढणारं मलूल बाळ, झटका येऊन गेलेला, बीपी १४०/९० किंवा जास्त असलेली गरोदर बाई. यांच्यासाठी आतल्या पेशंटची तपासणी चालू असली तरी दार वाजवा.

छातीत दुखत असेल तर आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी डॉक्टरांच्या हातात हवा. छातीवर लावायच्या सहा वायरींना व्ही-१ ते व्ही-६ म्हणतात: व्ही-१ छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, व्ही-२ तसाच डाव्या कडेला, व्ही-४ हसळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर पाचव्या फटीत, व्ही-३ त्या दोघांच्या मध्ये, व्ही-५ आणि व्ही-६ व्ही-४ च्याच पातळीत काखेकडे. बायकांच्या बाबतीत स्तन उचलून त्याखाली लावा. हातांच्या वायरींची अदलाबदल ही सगळ्यात नेहमीची चूक. ईसीजीच्या कागदावर पहिल्या लीडच्या ओळीत सगळं उलटं आणि एव्हीआरच्या ओळीत सुलटं दिसलं की डॉक्टरांना दाखवण्याआधी वायरी तपासा.

औषध: आकडा, एकक, बाटली

तोंडी किंवा फोनवरची सूचना आली की लिहा, मोठ्याने वाचून दाखवा, 'बरोबर' ऐकल्यावरच हात चालवा आणि डॉक्टर आल्यावर सही घ्या. फोनवर 'पंधरा' आणि 'पन्नास' यांत गोंधळ होतो, म्हणून 'एक-पाच' किंवा 'पाच-शून्य' असं म्हणा.

मुलांच्या सिरपात घोळ होतो तो मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्यात. पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम धरलं तर १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलिलिटरमध्ये १२५ असलेल्या सिरपचं ते ६ मिलिलिटर, ५ मध्ये २५० असलेल्याचं ३ मिलिलिटर आणि मिलिलिटरला १०० असलेल्या थेंबांचं फक्त दीड मिलिलिटर. आई घरी जाऊन जुनी बाटली उघडणार असेल तर हा फरक जिवावर बेतू शकतो. आईला 'एक चमचा' सांगू नका. बाटलीच्या मापावर किंवा सिरिंजवर पेनाने खूण करून द्या.

इन्सुलिनचं तर खास सांगायला हवं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं आणि पेनातलं १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. केशरी टोपीच्या सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ४० युनिटचं इन्सुलिन ओढलं तर पेशंटला प्रत्यक्षात ८ युनिट मिळतं. उलट १०० युनिटचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० युनिट जातं, आणि तो माणूस दुपारी घरी बेशुद्ध सापडतो. कुपीवरचा आकडा आणि टोपीचा रंग एकदमच बघायची सवय लावा. पेनाच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढायचंच नाही.

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलिलिटरची कुपी दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखीच असते आणि थेट शिरेतून गेली तर हृदय बंद पाडते. साध्या ओपीडीत तिची गरज नाही. कपाटात असेल तर डॉक्टरांना विचारून बाहेर काढा.

इंजेक्शन आणि सलाईन

नाव, ताकद, मुदत, मार्ग हे कुपी उचलताना एकदा, भरताना एकदा आणि टाकण्याआधी एकदा वाचा. कुपी पेशंटला दाखवा, त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्या. जी भरते तिनेच द्यायचं. नाव न लिहिलेली भरलेली सिरिंज ट्रेमध्ये सापडली की ती फेकायची, मग ती 'आत्ताच भरलेली' का असेना. बऱ्याच डोसांच्या कुपीच्या रबरात सुई खोचून ठेवायची पद्धत अजून दिसते, ती बंद करा. दर वेळी नवी सुई, नवी सिरिंज, आणि कुपीवर उघडल्याची तारीख.

दंडाच्या स्नायूत १ मिलिलिटरच्या आसपासच मावतं. ७५ मिलिग्रॅमचं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक ३ मिलिलिटरच्या कुपीत असेल तर ते दंडात द्यायचं नाही. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, वरच्या बाहेरच्या भागात, दीड इंची सुईने, काटकोनात. पेशंटला पँट किंचित खाली सरकवून चालणार नाही, अख्खा कुल्ला दिसला पाहिजे. अर्धवट कपड्यातून 'साधारण इथे' म्हणून टोचलं की सुई खाली आणि आत जाते, तिथे पायाकडे जाणारी मुख्य नस असते. टोचताक्षणी पायात वीज गेल्यासारखं झालं तर थांबा, सुई काढा. पाय लुळा पडल्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ या एका घाईत असतं. डायक्लोफेनॅकच्या आधी अल्सर, किडनीचा त्रास, वेदनाशामकाने उठणारा दमा आणि गरोदरपण विचारा. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर डॉक्टरांकडे परत.

सेफ्ट्रायअॅक्सोन हे अँटिबायोटिक स्नायूत द्यायचं तर कधी लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात मिसळतात. ती सिरिंज शिरेतून कधीही जाता कामा नये. आणि सेफ्ट्रायअॅक्सोन रिंगर लॅक्टेटच्या बाटलीत घालू नये, त्यात कॅल्शियम असतं, साका धरतो.

सलाईनचे थेंब डोळ्यांच्या अंदाजाने सोडू नका. सेटच्या पाकिटावर मिलिलिटरला किती थेंब ते छापलेलं असतं. २० थेंबांचा सेट आणि ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं असेल तर ५०० गुणिले २० भागिले २४० म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. म्हाताऱ्या आणि हृदयरोगी पेशंटला बाटली लवकर संपावी म्हणून धार सोडणं म्हणजे फुप्फुसात पाणी भरायला आमंत्रण.

रिअॅक्शन आली तर

'टेस्ट डोस' निगेटिव्ह आला तरी रिअॅक्शन येऊ शकते, त्यामुळे टेस्टवर विसंबू नका, तातडीच्या औषधांच्या किटवर विसंबा. अँटिबायोटिक किंवा लस दिली की पेशंट अर्धा तास नजरेसमोर बसलाच पाहिजे.

सुईच्या भीतीने येणारी चक्कर आणि खरी रिअॅक्शन यांतला फरक नाडीवर कळतो. भीतीच्या चक्करेत माणूस पांढरा पडतो, नाडी मंद असते, अंगावर गांध्या नसतात, आडवं केलं की मिनिटा-दोन मिनिटांत सावरतो. रिअॅक्शनमध्ये नाडी जलद आणि बारीक, अंगभर गांध्या किंवा खाज, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, छातीत शिट्टी, उलटी. गांध्या नसतानाही इंजेक्शननंतर लगेच श्वास अडकला किंवा बीपी कोसळलं तर रिअॅक्शनच समजा.

मग पहिलं औषध अॅड्रेनालिन. एव्हिल (अॅलर्जीचं औषध) आणि डेक्सा (स्टेरॉइड) आधी देऊन वाट बघणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. ती दोन्ही औषधं श्वासनलिकेची सूज आणि पडलेलं बीपी वेळेत आवरत नाहीत. मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची कुपी, १ मिलिलिटरची सिरिंज, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर. मुलाला किलोला ०.०१ मिलिलिटर: १० किलोला ०.१, २० किलोला ०.२, ३० किलोला ०.३. कपड्यावरून द्यावं लागलं तरी चालेल. वेळ लिहा. आडवं झोपवून पाय उंच करा, धाप असेल तर बसतं ठेवा, पण उभं करू नका, चालवत तर मुळीच नेऊ नका. ऑक्सिजन लावा, १०८ ला फोन. पाच मिनिटांत फरक नसेल तर डॉक्टर दुसरा डोस सांगतील. सरकारी लसीकरणात एएनएमलाही अॅड्रेनालिनचा पहिला डोस स्नायूत द्यायचं प्रशिक्षण दिलं जातं. खाजगी दवाखान्यात त्यासाठी डॉक्टरांची लेखी कायम सूचना भिंतीवर हवी, कारण रिअॅक्शन डॉक्टर बाथरूममध्ये असतानाही येते.

किटचा डबा बंद, पण कुलूपबंद नाही. आत अॅड्रेनालिनच्या तीन कुप्या, १ मिलिलिटरच्या सिरिंजा, इंचभर लांब सुया, कॅन्युला, सलाईनची बाटली आणि सेट, झाकणाच्या आत चिकटवलेला वजनाप्रमाणे डोसाचा तक्ता. हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग शेजारीच. दर महिन्याच्या १ तारखेला मुदती बघा. अॅड्रेनालिन तपकिरी किंवा गुलाबी झालं असेल तर मुदत उरली असली तरी टाका.

लसींचा फ्रिज आणि कुत्रं चावलेला पेशंट

२ ते ८ अंश. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, रविवारीही. लसी दारात ठेवायच्या नाहीत, बर्फाच्या कप्प्याला टेकवायच्या नाहीत, फ्रिजमध्ये डबा आणि दूध ठेवायचं नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या तर लाईट गेल्यावर गारवा जास्त टिकतो. लाईट गेली की दार उघडायचं नाही. उष्णतेची भीती सगळ्यांना असते, पण दवाखान्यात लसी वाया जातात त्यातल्या बऱ्याच गोठून. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), न्यूमोकोकल या लसी एकदा गोठल्या की वितळून पूर्वीसारख्या दिसल्या तरी निकामी. बीसीजी आणि एमआर (गोवर-रुबेला) त्यांच्यासोबतच्या पाण्यात मिसळल्यावर चार तासांत संपवा किंवा टाका. मिसळल्याची वेळ कुपीवर लिहा.

कुत्रं चावलेला पेशंट आला की आधी नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्यात १५ मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची लावून आला असेल तर तेही धुऊन काढा. रेबीजची लस मोठ्यांना दंडात, लहानग्यांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कुल्ल्यात कधीच नाही, तिथे ती नीट लागू पडत नाही. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पाचही तारखा पहिल्याच दिवशी कार्डावर लिहून द्या. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सिरम भरावं लागतं, ते डॉक्टरांना लगेच सांगा. लस घेतली म्हणून सिरमची गरज संपत नाही.

ड्रेसिंग, ऑटोक्लेव्ह, कचरा

स्वच्छ जखम सलाईनने धुवा, आतून बाहेर. एक बोळा एकदाच फिरवायचा. उघड्या जखमेत स्पिरिट ओतल्याने जंतूंबरोबर नवी पेशीही मरते. टाके साधारणपणे चेहऱ्यावरचे ५ दिवसांनी, अंगावरचे ७ ते १० आणि पायावरचे १० ते १४ दिवसांनी निघतात, पण तारीख डॉक्टरांनी लिहिलेली हवी. आधी एकाआड एक काढा, जखम उघडतेय असं वाटलं की थांबा.

पाण्यात उकळलेली हत्यारं निर्जंतुक नसतात. ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, १२१ अंश, १५ पौंड दाब. गुंडाळलेल्या सामानाला ३० मिनिटं, उघड्याला २०. वेळ मोजायची ती आतली हवा पूर्ण निघून दाब चढल्यावर. हत्यारं आधी ब्रशने धुतलेली आणि चिमटे-कात्र्या उघड्या हव्यात, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. ड्रेसिंगच्या सामानाचा ड्रम आत ठेवताना त्याच्या खिडक्या उघड्या, बाहेर काढल्याबरोबर बंद. खिडक्या बंद ठेवून लावलेला ड्रम बाहेरून गरम आणि आतून कच्चा निघतो.

कचऱ्याचे चार डबे २०१६ च्या नियमांप्रमाणे. पिवळ्यात रक्ताळलेलं गॉज, कापूस, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये सलाईनचे सेट, नळ्या, हातमोजे, सुई काढलेल्या सिरिंजा. पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या कुप्या. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. सांडलेल्या रक्तावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं पाणी), ३० मिनिटं. ५ टक्क्यांच्या बाटलीतून १ भाग आणि पाणी ४ भाग, रोज ताजं. हे पाणी हत्यारांना लावू नका, गंजतात.

सुईला टोपण परत लावायचं नाही. बऱ्याच टोचण्या तिथेच होतात. टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका, साबण-पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. रात्री उशीर झालाय म्हणून सकाळवर ढकलू नका. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांनी, नोकरी लागण्याआधीच किंवा पहिल्या आठवड्यात सुरू करा, आणि शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली का ते बघा.

लिहिणं आणि तोंड बंद ठेवणं

काय दिलं, किती, कुठून, कोणत्या बाजूला, किती वाजता, कुणाच्या सूचनेवरून आणि तुमची सही. चूक खोडायची तर एकच रेघ, आधीचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. व्हाइटनर लावलेला केसपेपर कोर्टात संशय वाढवतो. नकारही लिहा: 'पेशंटने थांबायला नकार दिला, समजावून सांगितलं.'

रिपोर्ट फोनवर शेजाऱ्याला, मेहुण्याला, 'मी घरचाच आहे' म्हणणाऱ्याला सांगायचा नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह' लिहायची पद्धत असेल तर ती मोडा, काळजी सगळ्यांच्या रक्ताची सारखीच घ्यायची असते. बाईची तपासणी पुरुष डॉक्टर करत असतील तर तुम्ही खोलीत असायला हवं, आणि तेही लिहायला हवं. अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार झाल्याची शंका आली तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा, घरच्यांच्या विनवणीवर विषय सोडू नका.

नेमणुकीचं पत्र मागा. त्यात कामाचे तास, पगार, सुट्टी, सही केलेलं तीन रकान्यांचं पान आणि सुई टोचली तर तपासणी-औषधाचा खर्च कुणी करायचा हे लिहिलेलं असावं. डॉक्टरांच्या विमा पॉलिसीत हाताखालच्या कर्मचाऱ्यांनी केलेलं काम येतं की नाही, तेही रुजू होण्याआधीच विचारून घ्या.